वॉट नको, डेसिबल सांगा

हेडफोनच्या ॲम्प्लिफायरवर ‘३२ ओहमला २ वॉट’ असं अभिमानानं छापलेलं दिसलं, की मी मनातल्या मनात बेरीज करते. बाजारातला साधारण हेडफोन एका मिलिवॉटला १०० डेसिबलच्या आसपास आवाज देतो. शक्ती दहापट केली की दहा डेसिबल वाढतात. दोन वॉट म्हणजे दोन हजार मिलिवॉट, म्हणजे वर आणखी ३३. एकूण १३३ डेसिबल. एवढ्यावर कुणी मुद्दाम ऐकणार नाही, हे मान्य. पण कान दुखायला लागतो त्याच्याही पुढची ताकद चहाच्या कपाशेजारी मांडून ठेवायला लोक पैसे मोजतात, आणि विकणारा ती गुण म्हणून सांगतो.

मी इंग्लंडमधल्या केंटमध्ये राहते, ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांना आवाजबंद खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचा, २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे बारीक सूर ऐकवायचे आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणायचं, हे माझं रोजचं काम. मूळची मिरजेची. संध्याकाळी घरी मीही हेडफोनच लावते, कारण इथल्या टेरेस घरांत आपण आणि शेजारी यांच्यात एकच भिंत. रात्री ११ ते सकाळी ७ या वेळात शेजाऱ्याच्या घरात किती आवाज पोचला तर कारवाई करायची, याचा आकडाही १९९६ च्या कायद्याखाली ठरलेला आहे: एरवीचा आवाज २४ डेसिबलपर्यंत असेल तर हद्द ३४. दरबारीचा विलंबित ख्याल स्पीकरवर लावायचा आणि ३४ ची हद्द पाळायची, हे जमणारं नाही. तेव्हा टेबलावरच्या या डब्यांची गरज मला मान्य आहे. ते ज्या भाषेत विकले जातात, ती मान्य नाही.

या डब्यात दोन कामं चालतात. डॅक फाइलमधल्या आकड्यांपासून विजेची लहर तयार करतो. ॲम्प्लिफायर त्या लहरीला हेडफोनचा पडदा हलवण्याइतका जोर देतो. यातलं पहिलं काम फार जुनं. आवाज आकड्यांत मांडायची कल्पना ॲलेक रीव्हज या इंग्रज इंजिनिअरला १९३७ मध्ये पॅरिसमध्ये नोकरीला असताना सुचली. त्याच वर्षी आमच्या मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब गेले, म्हणून हे साल माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. ती कल्पना परवडेल असे सुटे भाग मिळायला पुढे काही दशकं जावी लागली. १९७२ च्या सुमाराला बीबीसीनं रेडिओचे कार्यक्रम प्रक्षेपण केंद्रांपर्यंत १३ बिटांच्या आकड्यांत न्यायला सुरुवात केली. म्हणजे ‘डिजिटलला एफएमची ऊब नाही’ म्हणणारे इथले जुने रसिक कितीतरी वर्षं १३ बिटांचं डिजिटलच ऐकत होते, आणि ऊब त्यांना जाणवत होती! १९८२ मध्ये सीडी आली ती १६ बिटांची. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजामध्ये ९६ डेसिबलचं अंतर मावतं. रात्रीच्या शांत खोलीचा स्वतःचा आवाज ३० धरा, त्यात ९६ मिळवा. एवढा पल्ला वापरणारं गाणं कुणी गात नाही.

आज दहा पौंडांच्या आत मोबाइलला जोडायचा जो छोटा अडॅप्टर मिळतो, त्यातला डॅकसुद्धा कानाच्या कुवतीच्या पुढे गेलेला आहे. मग टेबलावरचा वेगळा डॅक कशाला? एकच पटण्यासारखं कारण: लॅपटॉपचा आतला गोंगाट. चार्जर लावला की गुणगुण, माऊस हलवला की किरकिर. ती तुमच्याकडे येत असेल तर डॅक बाहेर काढा. यूएसबीवाटे बाहेरही आलीच, तर ऑप्टिकल केबल लावा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे गुणगुण तिथंच तुटते. येतच नसेल, तर तुमचं पहिलं खोकं वाचलं.

हे मी ज्या भागात राहून लिहिते, तिथं ते थोडं धाडसाचंच आहे. मेडस्टोनजवळ ईस्ट फार्ली इथं मेडवे नदीच्या काठावर पाणीपुरवठ्याचं एक जुनं पंपहाउस आहे. आज तिथं कॉर्ड इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी आहे. जॉन फ्रँक्स यांनी १९८९ मध्ये काढलेली. त्यांच्या डॅकची रचना रॉब वॉट्स करतात, आणि ते इतरांसारखी तयार डॅक-चिप वापरत नाहीत. एफपीजीए नावाची, कोऱ्या पाटीसारखी चिप घेऊन तिच्यात स्वतःचं गणित भरतात. ‘ह्यूगो टू’मधल्या डिजिटल गाळणीला ४९,१५२ टप्पे आहेत. २०१५ मध्ये त्यांनी तळहातावर मावणारा ‘मोजो’ ३९९ पौंडांना काढला. त्यांच्याच ‘डेव्ह’ची किंमत हजारांत जाते. कारागिरी म्हणून मला या कामाचं कौतुक आहे. ज्याला हौस आहे आणि खिसा आहे, त्यानं घ्यावा. पण ‘ऐकू येणारा फरक’ हा दावा कानाबद्दलचा आहे, आणि कान माझ्या खात्यात येतात.

याची परीक्षा इथल्याच एका भल्या माणसानं घेतलेली आहे. हंटिंग्डनच्या क्वाड कंपनीचे पीटर वॉकर. १९७८ मध्ये त्यांच्या तीन पिढ्यांचे ॲम्प्लिफायर, व्हॉल्व्हचा ‘क्वाड टू’ आणि ट्रान्झिस्टरचे ‘३०३’ व ‘४०५’, जाणकारांना न दाखवता ऐकवले गेले. कोणता कोणता हे त्यांना खात्रीनं ओळखता आलं नाही. स्वतःच्याच नव्या मालाबद्दल असा निकाल खुशाल जाहीर होऊ देणारा कारखानदार मला दुसरा माहीत नाही. पुढे २००७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी जास्त बिटांचं ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या पातळीवर उतरवलेलं, असं आलटून पालटून ऐकवलं. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

मग दुकानात फरक जाणवतो तो काय? बहुतेक वेळा एक डबा दुसऱ्यापेक्षा किंचित मोठ्यानं वाजत असतो. अर्ध्या डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ वाटत नाही. ‘मोकळा’, ‘भरदार’, ‘जिवंत’ वाटतो. आवाज मोजून सारखे केल्याशिवाय दोन डब्यांची तुलना करणाऱ्याचं मत मी ऐकून घेते आणि सोडून देते. लंडनला वेस्टमिन्स्टर ब्रिजजवळच्या हॉटेलात कॅनजॅम नावाचं हेडफोनचं प्रदर्शन भरतं. हौशी लोकांची जत्राच. दालनात इतका गलका असतो की टेबलाशी बसणारा प्रत्येक जण आधी आवाजाचा नॉब उजवीकडे फिरवतो. तिथं पन्नाशीपुढचे पुरुष बहुसंख्य, आणि चर्चा ४० हजार हर्ट्झपर्यंतच्या नादांची. पन्नाशीनंतर आपल्यापैकी बहुतेकांचा कान १२-१४ हजारांपाशी थांबतो. यांतल्या कित्येकांच्या ऐकण्यात ४००० हर्ट्झपाशी खळगा असेल, असा माझा धंद्याचा अंदाज. मोठ्या आवाजाचं नुकसान सहसा तिथंच आधी दिसतं.

ॲम्प्लिफायरचं गणित मात्र खरं आहे, आणि सोपं आहे. सेनहायझरचा ‘एचडी ६००’ घ्या, १९९७ पासूनचा. अडथळा ३०० ओहम, एका मिलिवॉटला ९७ डेसिबल. संगीतातला एखादा उंच क्षण ११० पर्यंत जावा म्हटलं, तर आणखी १३ डेसिबल, म्हणजे २० मिलिवॉट, म्हणजे साधारण अडीच व्होल्ट. लॅपटॉपनं एक व्होल्ट दिला तर मजल १०२ पर्यंत. रात्री निवांत ऐकणाऱ्याला तेवढंही पुष्कळ आहे. आता ‘हायफायमॅन एचई-६’सारखा आडदांड हेडफोन: ५० ओहम, पण मिलिवॉटला जेमतेम ८३.५ डेसिबल. त्याला ११० पर्यंत पोचायला साडेचारशे मिलिवॉट लागतात. अशांसाठी ताकदीचा ॲम्प्लिफायर हवाच. असे हेडफोन बाळगणारे किती? म्हणून क्रम हा ठेवावा: आधी हेडफोन, मग त्याचे दोन आकडे, मग डबा. आपल्याकडे आधी डबा येतो.

आकड्यांत आणखी एक विचारायचा, तो म्हणजे डब्याचा स्वतःचा अडथळा. जुन्या मानकात तो १२० ओहम धरलेला होता आणि काही यंत्रांत अजून तसा सापडतो. ‘एचडी ६००’चा अडथळा खर्जापाशी बराच चढतो, १२० ओहमच्या डब्याला जोडला की खर्ज सव्वा डेसिबलभर फुगतो. याला लोक ‘व्हॉल्व्हचा गोडवा’ म्हणतात. गोड वाटत असेल तर खुशाल ऐका, पण चांगला डबा एका ओहमच्या आसपास किंवा खाली असतो.

मला स्वतःला डब्याकडून काय हवं, तर हळू आवाजात नीट वागणूक. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना मी लहानपणापासून पाहिलंय. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की नाद उघडतो, आणखी केसभर सरकला की बंद होतो. (मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा इथं आम्ही पेढे वाटले.) चांगल्या हेडफोनवर तो दोरा कुठं आहे हे ६५ डेसिबललाही कळतं, फक्त डब्यानं मागे सूंऽऽ करायला नको. आणि इथंच दोन वॉटवाले घात करतात. ताकद इतकी की नॉब आठ वाजताच्या काट्याएवढा फिरवला की पुरे होतं. आणि स्वस्त नॉबचे डावे-उजवे भाग त्या सुरुवातीच्या टप्प्यात सारखे चालत नाहीत. गायक उजव्या कानाकडे सरकतो. म्हणून गेन, म्हणजे आवाज वाढवण्याची पट, कमी करायचं बटण आहे का, हे मी आधी पाहते. डॅकचे ७६८ किलोहर्ट्झ वगैरे नंतर, किंवा कधीच नाही.

माझ्या डब्याच्या नॉबशेजारी एक लाल टिकली लावलेली आहे. ती जागा मी मल्टिमीटरनं काढली. लॅपटॉपवरून ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर लावायचा, हेडफोन डोक्यावर न ठेवता नुसता जोडायचा, आणि जोडणीवर एसी व्होल्ट मोजायचे. ‘एचडी ६००’ला ०.५५ व्होल्ट म्हणजे एक मिलिवॉट, म्हणजे ९७ डेसिबल. शास्त्रीय गाण्याची सरासरी पातळी या टोकापेक्षा पंधरा-वीसनं खाली असते, म्हणजे ८० च्या घरात. युरोपीय आयोगानं २००९ मध्ये धरलेली सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, किंवा ५ तास ८९ डेसिबल अशी आहे. आजची सिनेमाची गाणी दाबून-ठासून भरलेली असतात, त्यांची सरासरी टोकाजवळ असते. त्याच टिकलीवर ती ८९ पर्यंत जातात. तेव्हा ती लावली की नॉब टिकलीच्या बराच अलीकडे.

खिशातल्या म्युझिक प्लेअरला आणि फोनला या मर्यादेचा इशारा द्यावा लागतो. टेबलावरच्या डब्याला तो नियम लागू नाही. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी ८५ डेसिबलला कानाचं संरक्षण सक्तीचं आहे, आणि २००८ पासून ते वाद्यवृंदांनाही लागू झालं. रॉयल ऑपेरा हाउसमधल्या एका व्हायोलावादकाच्या कानाला तालमीत पितळी वाद्यांच्या आवाजानं इजा झाली. २०१८ मध्ये न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, २०१९ मध्ये अपिलातही तो टिकला. वाजवणाऱ्याच्या कानाला कायदा आहे, घरी ऐकणाऱ्याच्या कानाला खोक्यावरची एक ओळसुद्धा नाही. माझी मागणी मोठी नाही. वॉट छापता, तर ठरावीक हेडफोनला किती डेसिबल हेही छापा. डबा सुरू करताना आवाज आपोआप खाली यावा. आणि कमी गेन हा मूळ पर्याय असावा, जास्त गेन मागून घ्यायचा.

पुण्याचा भाचा फोनवर म्हणतो, ‘मावशी, येताना मोजो आण ना, तिकडे स्वस्त पडेल.’ त्याचा हेडफोन ३२ ओहमचा, लॅपटॉप ऑफिसचा, आणि विचारलं तर गुणगुण वगैरे काही येत नाही म्हणतो. त्याला सांगितलं, हेडफोनच्या गाद्या झिजल्यात त्या बदल, खर्ज सुधारेल. तरी हवाच असेल तर पुण्यातच घे. ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत विनाकारण परत करता येते, पण त्या १४ दिवसांत मी पुण्यात पोचलेली असेन. पर्यटकांना २० टक्के व्हॅट परत मिळायचा, तेही २०२१ पासून बंद झालंय. आणि बिघडला तर तो परत इकडे कोण घेऊन येणार, हे तर विचारायलाच नको.