आरोग्यविचार : पाळण्याची घाई नको

अतिस्थूलतेवरील जठराच्या शस्त्रक्रियेनंतर वजन झपाट्याने उतरते. अनेकींची अनियमित पाळी सुरळीत होते आणि वर्षानुवर्षे न राहिलेला गर्भ अनपेक्षितपणे राहू शकतो. गोष्ट आनंदाचीच, परंतु शरीरच झिजत असता गर्भाचे पोषण कोठून व्हावे? म्हणून निदान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असे तज्ज्ञ सांगतात. अन्नमार्ग वळविणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर संततिनियमनाची गोळी अंगी पुरेशी लागेलच असे नाही. तांबी अधिक भरवशाची. लोह, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड व ब-१२ जीवनसत्त्व वैद्यकीय सल्ल्याने नियमित घ्यावे. आणि ‘पाळणा केव्हा?’ असे सासूबाईंनी विचारल्यास उत्तर पतीने द्यावे : “आई, थोडे थांबू या.”