पोपटाचा नकार

फुटपाथवरच्या पोपटवाल्या ज्योतिषाचा खेळ अनेकांनी पाहिला असेल. पिंजऱ्याचे दार उघडते, पोपट तुरुतुरु बाहेर येतो, पाकिटांच्या ओळीतून एक पाकीट चोचीने ओढतो, दाणा खातो आणि मुकाट्याने परत आत जातो. भविष्य खरे ठरो वा न ठरो, पोपटाचे शिक्षण मात्र पक्के असते. काम केले की दाणा मिळतो, एवढेच त्यामागचे सूत्र. हा पोपट उडून का जात नाही, असा प्रश्न गिऱ्हाइकाला सहसा पडत नाही. बहुतेक वेळा त्याच्या पंखांची पिसे छाटलेली असतात.

तेच सूत्र कात्रीशिवाय वापरता येते का, हा प्रश्न आज परदेशी पोपट पाळणाऱ्या हौशी मंडळींपुढे आहे. मकाव, आफ्रिकन ग्रे, सन कोनूर असे पक्षी घराघरांत आले आणि त्यांना अंगावर पट्टा चढवून बाहेर फिरवायची टूमही आली. हा पट्टा म्हणजे हार्नेस. एक फास डोक्यावरून मानेत येतो, दुसरा पंखांच्या मागून पोटाभोवती बसतो आणि पाठीकडून दोरी निघते. तो विकत घेणे पाच मिनिटांचे काम आहे. पक्ष्याला तो पटवून देणे कित्येक आठवड्यांचे. यातला दुसरा भाग ज्याला जमणार नसेल, त्याने पहिल्याच्या वाटेला जाऊ नये.

पट्ट्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. आपल्याकडची जुनी रीत पायात साखळी घालण्याची. दचकलेला पोपट सगळा जोर लावून झेपावतो आणि साखळी संपते तिथे तो सगळा हिसका एका बारीक पायावर येतो. पाय मोडतो किंवा सांध्यातून निखळतो. हार्नेसमध्ये तोच हिसका धडावर विभागला जातो आणि दोरीला लवचीक इलॅस्टिक असेल तर आणखी सौम्य होतो. पिसे छाटण्याचा उपायही फसवा आहे. छाटलेला पक्षी वारा मिळाला की उंच जाऊ शकतो आणि घरात पडला तर छातीच्या हाडावर आपटतो.

धडावर पट्टा म्हटले की वेगळी काळजी आली. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हा त्यांच्या शरीरातल्या हवेच्या पिशव्या भरतात आणि रिकाम्या होतात. छाती आवळली की श्वासच अडतो. म्हणून मापात चूक चालत नाही आणि पोपट धडपडत असताना माप नीट घेताच येत नाही. घाईचे लोक मग त्याला टॉवेलात गुंडाळतात, पट्टा चढवतात, फोटो काढतात. त्या दिवशी काम होते. दुसऱ्या दिवसापासून मालकाचा हात जवळ येताना दिसला तरी पोपट कोपरा गाठतो.

सावकाश शिकवण्याची पद्धत काही गुप्त विद्या नाही. 1940च्या दशकात केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे दोन विद्यार्थी प्रयोगशाळेबाहेर पडले आणि प्राण्यांना खाऊ देऊन शिकवण्याचा त्यांनी व्यवसायच केला. पोपटाच्या बाबतीत सुरुवात अगदी क्षुल्लक वाटावी अशी असते. पट्टा नुसता समोर ठेवायचा, तोही पोपट निवांत राहील इतक्या अंतरावर. तो जवळ आला की सूर्यफुलाची बी. मग फास हातात धरायचा आणि बी फासाच्या पलीकडे, म्हणजे बी घ्यायला पोपट आपणहून डोके आत घालतो. दरम्यान पाठीला, पंखाखाली बोट लावून घेण्याची सवय वेगळी करायची. बक्कल लावण्याची पाळी सर्वांत शेवटी. त्यानंतरही काही दिवस घरातच वावरायचे. पिसे अंगाशी चापून बसली, मान ताणली, बुबुळे भराभर लहानमोठी होऊ लागली की तिथेच थांबायचे आणि एक पायरी मागे यायचे.

थांबायचे, ही यातली सर्वांत अवघड गोष्ट. अमेरिकेतील वर्तनतज्ज्ञ सुझन फ्रीडमन वर्षानुवर्षे हेच सांगत आल्या आहेत: आपल्या बाबतीत काय घडावे यावर प्राण्याचा थोडा तरी ताबा हवा. हे ऐकायला हळवे वाटते, पण पोपटाच्या बाबतीत ते अगदी व्यावहारिक आहे. संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 मध्ये शिकागोच्या दुकानातून आणलेला आफ्रिकन ग्रे, अ‍ॅलेक्स, रंग, आकार, संख्या ओळखायचा. प्रयोगांचा कंटाळा आला की मला परत जायचे आहे, असे तो इंग्रजीत चक्क सांगायचा. 2007 मध्ये तो वारला. त्याच्याइतके शब्द नसलेले पोपट हीच गोष्ट चोचीने सांगतात आणि त्याला आपण ‘चावरा पक्षी’ म्हणतो.

बाहेर नेण्याचे फायदे खरे आहेत. खिडकीच्या काचेतून ऊन येते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारी अतिनील किरणे बहुतांश काचेतच अडतात. आफ्रिकन ग्रेमध्ये कॅल्शियमच्या कमतरतेचे आजार विशेष दिसतात, त्यामुळे त्याच्यासाठी कोवळे ऊन मोलाचे. मात्र आपले ‘बाहेर’ म्हणजे कर्कश हॉर्न, भटकी कुत्री, डोक्यावर घार आणि अनोळखी पक्षी दिसताच जमा होणारे कावळे. पक्ष्याला घाम येत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी तो चोच उघडून धापा टाकू लागला म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. संक्रांतीच्या आसपास मांजाने आकाशातले पक्षी कापले जातात, तेव्हा पाळीव पोपटाने घरी बसलेले बरे. आणि पट्टा घातलेला पक्षी झाडाला किंवा खुर्चीला बांधून चहा प्यायला जाणे, हा तर निव्वळ निष्काळजीपणा. पोपटाच्या चोचीला नायलॉनचा पट्टा म्हणजे काही मिनिटांचे काम.

हे सगळे परदेशी पोपटांविषयी. आपला हिरवा राघू या चर्चेत येतच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार तो घरात ठेवणे हाच गुन्हा आहे, मग पिंजरा असो, साखळी असो वा आयात केलेला महागडा हार्नेस. घरट्यातून पडलेले पिल्लू सापडले तर वन विभागाला कळवावे. परदेशी जातींनाही आता मोकळे रान नाही. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि 2024 च्या नियमांनी ‘सायटीस’ या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर बंधनकारक केली. मकाव, कोनूर, ग्रे या यादीत आहेत. बजरीगर आणि कॉकटील नाहीत. ग्रेला तर सायटीसच्या 2016 च्या जोहान्सबर्ग परिषदेत सर्वांत कडक परिशिष्टात टाकले गेले, कारण आफ्रिकेतली जंगले पकडापकडीने ओस पडत होती. समाजमाध्यमांवर पोपटाचे व्हिडिओ झळकवणाऱ्या किती जणांकडे या नोंदीचा कागद आहे, हे त्यांनी एकदा तपासावे.

काही पक्षी मात्र कितीही बिया दिल्या तरी पट्टा घेत नाहीत. वयस्क, या हातातून त्या हातात विकले गेलेले, पूर्वी टॉवेलात कोंबले गेलेले. त्यांचा नाद सोडावा. गॅलरीच्या एका भागाला बारीक जाळी मारून, निम्म्यावर सावली ठेवून, आत कडुनिंबाच्या फांद्या बसवल्या तर ऊन आणि वारा दोरीशिवायही मिळतो. जाळी गंजलेली नको, कारण पोपट ती चावणार. आणि दारे दोन हवीत, एकामागे एक, म्हणजे पाणी ठेवायला आत जाताना बाहेरचे दार आधी लागलेले असेल.