हंगाम संपला की हक्कही संपतो?

कापसाचा जिल्हा ही यवतमाळची जुनी ओळख. गेल्या दोन-अडीच दशकांत त्या ओळखीला शेतकरी आत्महत्यांची काळी किनार लागली. जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. पुढे समित्या आल्या, अहवाल आले, कर्जमाफ्याही आल्या. या गदारोळात एक माणूस मात्र कोणत्याच यादीत आला नाही. शेतकऱ्याच्या घरचा कापूस ज्याच्या हातून सरकी आणि रुई असा वेगळा होतो, ज्याच्या श्रमाने रुईच्या गाठी बांधल्या जातात, तो जिनिंग-प्रेसिंगमधला कामगार.

वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी येथील जिनिंगमध्ये दिवाळीच्या आगेमागे यंत्रे सुरू होतात. उन्हाळा तापू लागला की आवक आटते, यंत्रे थांबतात आणि कामगार घरी बसतो. शेतीची कामे पाऊस पडल्यावर निघणार. मधल्या काळात चूल कशी पेटवायची, याचे उत्तर त्याने स्वतःच शोधायचे. बेकारीच्या काळासाठी या देशात विमा नाही असे नाही. तो आहे, परंतु कायद्याने या कामगाराला त्याच्या दारातच उभे करून ठेवले आहे.

व्याख्येतच वगळलेला माणूस

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना मांडली. त्यांचा अहवाल १९४४ चा. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. कामगार ज्याला ‘ईएसआय’ म्हणतो, तो हाच. हा कायदा सर्व कारखान्यांना लागू, मात्र ‘हंगामी कारखाने’ वगळून. आणि हंगामी कारखाना म्हणजे कोणता? व्याख्येतील यादी वाचावी. तिच्या आरंभीच कापूस लोढणे, म्हणजे जिनिंग, आणि कापूस किंवा ताग दाबून गाठी बांधणे, म्हणजे प्रेसिंग, ही कामे आहेत. शेंगदाणे फोडणे, साखर, गूळ, चहा, कॉफी हे त्यानंतर. यवतमाळचा प्रमुख उद्योग जणू नाव घेऊन बाहेर काढला गेला!

त्या काळी यामागे काही तर्क होता. वर्गणी सलग जमा होत नाही, कामगार बदलत राहतो, हजेरीपट ठेवणे अवघड, म्हणून आधी बारमाही कारखाने घ्यावेत, असा विचार होता. परंतु तात्पुरती सोय म्हणून ठेवलेली फट पाऊणशे वर्षे तशीच राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली, जुने कायदे तिच्यात विलीन झाले, दहा कामगारांच्या प्रत्येक आस्थापनेपर्यंत विमा नेण्याची भाषा झाली. पण ‘हंगामी कारखाना वगळून’ हे शब्द जुन्या घरातून नव्या घरात सामानासोबत आलेच.

याचा परिणाम केवळ दवाखान्यापुरता नाही. बेकारीचा भत्ताही याच विम्याच्या आधारे मिळतो. १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली; ती कारखाना बंद पडल्याने वा कपातीत काम गेलेल्यांसाठी. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. नावे दोन पक्षांच्या दोन नेत्यांची. जिनिंग कामगार दोहोंच्याही बाहेर. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा कापसाचा हंगाम अजून आवरलेला नव्हता. त्या वर्षी अटल योजनेचे नियम सैल झाले, विमाधारकांना दिलासा मिळाला. विमाच नसलेल्याला दिलासा कुठून मिळणार?

नियमाने घातलेल्या गाठी नियमानेच सुटतात

ज्यांच्याकडे विमा आहे, त्यांनाही लाभ सहज मिळत नव्हता. अटल योजनेच्या मूळ नियमांनुसार काम सुटल्यावर ९० दिवस थांबायचे, सरासरी वेतनाचा चौथा हिस्सा मिळवायचा आणि तोही आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस. शिवाय अर्ज मालकामार्फत पाठवायचा. ज्या मालकाने दाराला कुलूप लावले, त्याचीच सही आणा, असे बेकार कामगाराला सांगणे ही त्याची क्रूर थट्टा होती. ऑगस्ट २०२० मध्ये महामंडळाने त्या आपत्काळापुरते नियम बदलले. प्रतीक्षा ९० वरून ३० दिवसांवर आली, भत्ता वेतनाच्या निम्मा झाला, अर्ज थेट शाखा कार्यालयात देता येऊ लागला. आभाळ कोसळले नाही. अडथळा नियमाने निर्माण केला होता, तो नियमानेच दूर झाला. मग हीच तत्परता हंगामी कामगारासाठी का दाखवता येऊ नये?

यावर तज्ज्ञांचा एक ठरलेला आक्षेप असतो. विमा अनिश्चित संकटाचा असतो. हंगाम संपणार हे तर ठाऊकच असते, मग त्याचा विमा कसा उतरवणार? हा आक्षेप टेबलावर बसून सुचलेला आहे. हंगाम संपणार हे निश्चित असले, तरी तो केव्हा संपेल हे कोणाला ठाऊक असते? २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडेच पोखरली. २०२२-२३ मध्ये भाव वाढेल या आशेने शेतकऱ्यांनी कापूस घरात ठेवला आणि जिनिंगला पुरेसा माल मिळेना. पाऊस, कीड आणि बाजार या तिघांच्या हाती ज्याची मजुरी आहे, त्याच्याइतकी अनिश्चितता कोणाची?

आणि जगाचा अनुभव काय सांगतो? ब्रिटनने १९११ मध्ये बेकारीचा सक्तीचा विमा सुरू केला, तेव्हा निवडलेले व्यवसाय होते इमारत बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती, लोखंड ओतकाम. काम कधी भरपूर तर कधी ठप्प, म्हणूनच ते निवडले गेले. कॅनडात हंगामी मासेमारांसाठीही बेकारी विम्यात स्वतंत्र तरतूद आहे. वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठी ब्रिटिश कंपनीने यवतमाळ-मूर्तिजापूर लोहमार्ग टाकला. त्याच ब्रिटनने आपल्या घरी ज्या कारणासाठी विमा दिला, त्याच कारणासाठी आपला कायदा तो नाकारतो!

पोच नाही, म्हणून हक्क नाही

विमा नाही तर रोजगार हमी आहे, असे काहीजण म्हणतील. ती हमी ज्या मुख्यमंत्र्यांच्या कारकिर्दीत राज्यभर उभी राहिली, ते वसंतराव नाईक याच जिल्ह्यातील पुसद तालुक्यातील गहुलीचे. कल्पना वि. स. पागे यांची. १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले आणि काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन शासनावर आले. केंद्राचा २००५ चा कायदा २ फेब्रुवारी २००६ रोजी ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत यवतमाळ होता. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा भत्ता, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला, १०० दिवसांचे १२५ केले आणि बेकारी भत्त्याची तरतूद कायम ठेवली.

तरतूद इतकी स्वच्छ असताना भत्ता हाती का पडत नाही? कारण सारे एका चिठ्ठीवर अडते. कामाची मागणी केल्याची तारखेसह पोच मिळाली पाहिजे. पोच नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर पंधरा दिवस मोजायचे कुठून, आणि पंधरा दिवस भरलेच नाहीत तर भत्ता कसला? शिवाय भत्ता राज्याच्या तिजोरीतून द्यायचा असल्याने तो मंजूर करणे म्हणजे यंत्रणेने स्वतःच्या कसुरीवर सही करणे. अशी सही कोण आनंदाने करील?

हे दान नव्हे

घरबसल्या पैसे दिले की माणूस आळशी होतो, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही वृत्ती वाढते, असे सुशिक्षित घरांतून ऐकू येते. त्या घरांतील कर्त्याने आपली पगाराची चिठ्ठी एकदा काढून पाहावी. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. १९७५ मध्ये हा कर आला तो रोजगार हमीसाठी. म्हणजे मध्यमवर्गाची दोन पिढ्यांची कमाई या हमीत गुंतली आहे. ती गरजूपर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यालाही आहे. आणि ज्याला वर्षाचे बारा महिने वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि भरपगारी रजा आहे, त्याने धुळीने भरल्या छातीने काम करणाऱ्याला आळसावर प्रवचन देऊ नये. विमा म्हणजे भीक नाही. हंगामातल्या घामातून राखून ठेवलेला तो उन्हाळ्याचा घास आहे.

उपाय अशक्य नाहीत. महाराष्ट्राने १९६९ मध्येच माथाडी कायदा करून रोज मालक बदलणाऱ्या हमालालाही मंडळाच्या छत्राखाली आणले. ऊसतोड कामगारांसाठीच्या महामंडळाला साखर कारखान्यांकडून टनामागे रक्कम घेण्याचे तत्त्व राज्याने मान्य केले. तेच रुईच्या गाठीला लावावे. एक गाठ १७० किलोची. गाठीमागे १० रुपये घेतले तर किलो रुईला सहा पैसेही पडत नाहीत. मात्र हा भार शेतकऱ्याच्या पट्टीतून कापला जाणार नाही, असे बंधन कायद्यातच हवे. नाहीतर एका गरिबाचा घास काढून दुसऱ्याला दिल्यासारखे होईल. नव्या संहितेत असंघटित कामगारांसाठी विशेष योजना आखण्याची मुभा केंद्राला आहे. हंगामाच्या आरंभी प्रत्येक कामगाराची नोंद, ती ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम क्रमांकाशी जोडलेली. जिनिंग थांबल्याची तारीख फाटकावर जाहीर. त्या तारखेपासून मालकाच्या सहीविना दावा. आणि दावे घेण्यासाठी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी अधिकारी. एवढे झाले तरी पुष्कळ होईल.

शासन हे करीपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. येत्या उन्हाळ्यात आपापल्या गावातील जिनिंग कामगारांना ग्रामपंचायतीत सोबत न्यावे, कामाची मागणी लेखी द्यावी आणि तारखेची पोच हाती पडेपर्यंत तेथून हलू नये. सोळाव्या दिवशी त्याच पोचेच्या आधारे भत्ता मागावा. एका गावाने पन्नास पोचा जमवल्या तरी तहसील कार्यालयाला उत्तर द्यावे लागेल. ज्या कापसाने या जिल्ह्याला नाव दिले, त्याच्या गाठी बांधणाऱ्यांना कायद्याने आणखी किती काळ अनोळखी ठेवायचे, याचा निर्णय आता यवतमाळनेच मागून घेतला पाहिजे.