चाकांवरचा माळा
राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि जुन्या मालवाहू गाडीत संसार थाटायची हौस असलेल्यांना हुरूप आला. घोडं अडतं ते झोपण्यापाशी. वरचा बंक रेल्वेच्या मधल्या बर्थसारखा बिजागरीवर दुमडता आला, तर दिवसा खाली ताठ बसून चहा पिता येतो. जाड लाकडाचा मोह मात्र नको. वजन जितकं वर, तितकी पसरणी घाटाच्या वळणांवर गाडी झुलणार. लोखंडी चौकटीवर १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय पुष्कळ झाला. त्याला भोकं पाडा, नाहीतर महाबळेश्वरच्या पावसाळ्यात गादीला खालून बुरशी धरलीच म्हणून समजा. वरच्या बंकला कठडा हवाच, आणि गाडी चालू असताना तिथे कुणी झोपायचं नाही. सुताराला बोलावण्याआधी आरटीओची परवानगी तेवढी घ्या.