एकसारखेपणाची नियमावली

शहरांच्या कडेने वाढणाऱ्या वसाहतींविषयी मराठी लेखक लिहू लागला, की तो हमखास हळवा होतो. वाडा पडला, अंगण गेले, पारावरच्या गप्पा थांबल्या अशी ठरलेली वळणे घेत लेख अखेरीस आजोळच्या आडापाशी येऊन थांबतो. आमचा वाद या हळवेपणाशी आहे. जे घडते आहे त्याला एकदा काळाचा महिमा म्हटले, की ते कोणी घडवले हे विचारण्याची गरजच उरत नाही. ही सोय बिल्डरांना मानवणारी आहेच. पण ती साहित्यिकांनी त्यांना फुकट पुरवावी, याचे आम्हांस नवल वाटते.

नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, पुणे, शहर कोणतेही घ्या. बाह्यवळण रस्त्याला लागले की देखावा बदलत नाही. खिडक्या नसलेले एक प्रचंड खोके, त्यापुढे दुचाकींची दाटी, मागे बारा-चौदा मजली इमारतींचे पुंजके आणि त्यांच्या कमानीवर इंग्लंडातल्या एखाद्या परगण्याचे नाहीतर इटलीतल्या एखाद्या गावाचे नाव. अमेरिकेत उपनगर आडवे पसरते, आपल्याकडे उभे. देशीपणा शिल्लक आहे तो एवढाच. (टेकडी फोडून बांधलेल्या संकुलाला टेकडीचेच इंग्रजी नाव देण्याची प्रथा कोणी पाडली, याचा शोध एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने जरूर घ्यावा.)

खोक्याला खिडकी का नसते? खिडकीच्या जागी मालाची फळी मावते म्हणून. दर चौरस फुटामागे विक्री किती, या एका प्रश्नातून त्याचा आकार निघतो. गावात जागा महाग म्हणून ते कडेला जाते. कडेला जाते म्हणून तिथे वाहनाने जावे लागते. वाहनाने जायचे म्हणून महिन्याचे सामान एकदम भरायचे. आणि तेवढे सामान ठेवायचे म्हणून खोके आणखी मोठे करायचे. १९६२ मध्ये आर्कन्सॉ राज्यातल्या रॉजर्स या लहानशा गावी पहिले वॉलमार्ट उघडले, तेव्हापासून हे गणित जगभर फिरते आहे. आपल्याकडे २००१ मध्ये बिग बझार आले, २००२ मध्ये पवईत पहिले डी-मार्ट आले. पैकी बिग बझार २०२२ मध्ये इतिहासजमा झाले आणि त्याच्या कित्येक जागांवर दुसऱ्या साखळीची पाटी लागली. गिऱ्हाइकाला नव्याने काही शिकावे लागले नाही. पाटी कोणतीही असो, आतली वाट तीच.

या साऱ्याच्या समर्थनार्थ एकच वाक्य नेहमी फेकले जाते: लोकांना हेच हवे आहे. त्यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो आम्ही नाकारत नाही. तेलाच्या पिशवीवर चार रुपये वाचत असतील तर ते वाचवण्याचा अधिकार चार रुपये मोजून खर्च करणाऱ्याला आहे. त्याला संस्कृतीचे प्रवचन देण्याचा अधिकार सहाव्या-सातव्या वेतन आयोगावर जगणाऱ्या आम्हां प्राध्यापकांना नाही. परंतु लोकांनी स्वस्त तेल निवडले, याचा अर्थ त्यांनी ते शहर निवडले असा होत नाही. शहर कोणी निवडले ते पाहायचे तर दुकानातून बाहेर पडून नगररचनेच्या कचेरीत जावे लागेल.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने एकीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. मुंबई आणि काही मोजके प्रदेश वगळता उभ्या महाराष्ट्राला ती लागू आहे. इमारत रस्त्यापासून किती मागे सरावी, शेजाऱ्यापासून किती अंतर राखावे, किती मोटारींना जागा ठेवावी, समोरचा रस्ता किती रुंद असला म्हणजे किती बांधता येईल, हे सारे कोष्टकांतून ठरते. यात आग, उजेड, वारा यांचा विचार आहे, मनमानीला आळा घालण्याचा हेतूही आहे. ते आम्हांस मान्य आहे. पण कोकणातला पाऊस आणि माणदेशातले ऊन एकाच पुस्तकात बसवले, की चिरा आणि माळवद दोन्ही निकालात निघतात. या कोष्टकांतून तुळशीबाग कधीही उगवणार नाही. भिंतीला भिंत लावून उभी असलेली, बोळांतून वाट काढणारी, मोटारीला मज्जाव करणारी वस्ती गावठाणाबाहेर काढायची म्हटली तर तिचा नकाशाच मंजूर व्हायचा नाही. एवढे करून आपण विचारतो की सगळी गावे एकसारखी का दिसू लागली!

पुण्याच्या मंडईचा इतिहास या संदर्भात आठवण्यासारखा आहे. अष्टकोनी मनोऱ्याची ती वास्तू १८८६ मध्ये 'रे मार्केट' म्हणून उघडली. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्चावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे तिलाच त्यांचे नाव मिळाले. आज आपण जिचे गोडवे गातो ती मंडईसुद्धा एकेकाळी वादाचा विषय होती, आणि तो वाद घालायला एक सभागृह होते. आता याच शहराची दुसरी कड पाहा. २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महापालिकेत आली. ग्रामपंचायती गेल्या. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ज्या वर्षांत त्या गावांच्या माळांवर सर्वाधिक वेगाने इमारती चढत होत्या, त्याच वर्षांत तिथल्या माणसाला सभागृहात उभे राहून हरकत घेणारा कोणी नव्हता. खोक्यांचा एकसारखेपणा आम्हांस खुपतो, पण त्याहून हे मौन अधिक खुपते.

येथे हळवा लेखक पुन्हा म्हणेल, निदान कोपऱ्यावरचा वाणी तरी आपल्याला नावाने ओळखत होता. होय, आणि आडनावानेही ओळखत होता. कोणाच्या हातावर माल कसा वरून टाकायचा, कोणाला ओट्याखाली उभे करायचे, हे त्या ओळखीवरच ठरत होते; दलित आत्मकथनांनी ते नोंदवून ठेवले आहे. उधारीची वही ही जिव्हाळ्याची खूण होती तशीच ती वेसणही होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी गावगाड्याच्या गौरवाची जी झाडाझडती घेतली, ती वाचलेल्या माणसाने तरी जुन्या बाजारपेठेचे भाबडे चित्र रंगवू नये. ढकलगाडी लोटणाऱ्याला कोणी जात विचारत नाही, ही त्या खोक्याची जमेची बाजू आहे.

मात्र दाराबाहेर पडताच ही समता संपते. न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिटाउन उभे राहिले. सतरा हजारांहून अधिक घरे, सारी मोजक्या साच्यांतली, आणि करारात गोऱ्यांखेरीज कोणी तिथे राहू नये असे कलम. याच बिल्डरच्या पेनसिल्व्हेनियातल्या वसाहतीत १९५७ मध्ये पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले, तेव्हा त्यांच्या घरापुढे जमाव जमला, दगड पडले. आपल्या संकुलांतल्या सदनिकाही एकाच मापाच्या असतात. पण भाड्याने मागायला जाणाऱ्याचे आडनाव काय आणि घरात काय शिजते, यावर दार उघडते किंवा उघडत नाही. फरशा, खिडक्या, कठडे सारे एकसारखे; जिथे सर्वांना एकसारखे वागवायला हवे होते तिथेच नेमकी विविधता जपलेली.

आता थोडे आमच्या प्रांतातले. प्रथम वर्षाच्या वर्गात आम्ही 'माझा परिसर' हा विषय अनेकदा देतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या निबंधांत ओढा, पाणंद, बांध, मळा, देवराई हे शब्द सहज यायचे. आता शहराच्या कडेहून येणारी मुले लिहितात: अमुक मार्टच्या मागे, तमुक फेजच्या पुढे. यात मुलांचा दोष काढणारे शहाणे आमच्या स्टाफरूममध्ये पुष्कळ आहेत. आमचे म्हणणे असे, की ओढाच सिमेंटच्या नळात घालून वर रस्ता केला, तर 'ओढा' हा शब्द मुलाने कोठून आणावा? आणि देशीवादावर परिसंवाद घेणाऱ्यांनी (आम्हीही त्यांतलेच) हा ओढा बुजत असताना नगररचना खात्याला एक ओळ तरी लिहिली होती काय?

खोके हे काही विधिलिखित नाही. टेक्सासमधल्या मॅकॅलन गावी वॉलमार्टने सोडून दिलेल्या इमारतीत गावाने सार्वजनिक ग्रंथालय थाटले. २०११ मध्ये ते उघडले. सव्वा लाख चौरस फूट, एकच मजला, जिथे डबे रचले होते तिथे पुस्तके. ठरवले तर होते. आपल्याकडे तर ग्रंथालय दूरच, नव्या वसाहतींत आठवडे बाजारालाही जागा ठेवलेली नसते. शेतकरी बाई भाजीची पाटी घेऊन कमानीबाहेर, गटाराच्या कडेला बसते आणि अतिक्रमणची गाडी आली की उठते. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ मध्ये झाला, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचे त्यात म्हटले आहे. ती बाई अडीच टक्क्यांत बसते की नाही, हे तिला कोणी सांगितलेले नाही.

२०१३ मध्ये पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर सुमारे सत्याऐंशी हजार हरकती-सूचना आल्या होत्या. म्हणजे माणसे लिहितात. आमच्या वसाहतीच्या मागे ओढ्याकाठी साधारण दीड एकर पड जमीन अजून मोकळी आहे. पुढचा आराखडा येईल तेव्हा ती आठवडे बाजारासाठी राखून ठेवावी, अशी हरकत आम्ही लिहून ठेवली आहे. तिच्यात त्या ओढ्याचे नाव आहे. ते आम्हांला तिथे पाटी घेऊन बसणाऱ्या बाईने सांगितले.