कंपासचं वर्तुळ पुसा, पायाखालचा रस्ता मोजा!



मेट्रोच्या जिन्याखाली उघड्या चेंबरमध्ये पाय जाऊन एका आजींचं खुब्याचं हाड मोडलं, हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरचा संताप इथे पुन्हा मांडत नाही. खरी चीड आली ती नंतर. तक्रार घेऊन गेलेल्यांपुढे एक नकाशा पसरण्यात आला. मधोमध स्टेशन, भोवती ५०० मीटरचं वर्तुळ आणि आतला सगळा भाग 'चालत जाण्याच्या अंतरात' म्हणून हिरवा रंगवलेला. आजी पडल्या ती जागाही हिरवीच!

हे पत्रक त्या वर्तुळाविरुद्ध आहे.

सरळ रेषेत कोण चालतं? वाटेत सोसायटीची भिंत येते, नाला येतो, लष्कराचं कुंपण येतं, दुभाजकाची जाळी येते. ५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात साडेअठ्ठ्याहत्तर हेक्टर जागा मावते. पण गल्ल्या अगदी काटकोनात आखलेल्या आदर्श शहरातसुद्धा ५०० मीटर चालून जेमतेम ५० हेक्टरपर्यंतच पोचता येतं. म्हणजे पहिल्याच फटक्यात एक तृतीयांशाहून जास्त जागा खोटी ठरली. आपल्या गल्ल्या तर तशा आखलेल्याही नाहीत.

पुण्याचंच बघा. डेक्कन आणि संभाजी उद्यान ही स्टेशनं मुठेच्या काठाला आहेत. वर्तुळ काढलं की पलीकडची नारायण पेठ, शनिवार पेठ अलगद आत येते. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे मेट्रो सुरू झाली, आणि पेठेतल्या माणसासाठी नदीवर वेगळे पादचारी पूल हाती घ्यावे लागले. वर्तुळ खरं असतं तर पुलांची गरजच काय होती?

आणि हे वर्तुळ निरुपद्रवीही नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मेट्रो स्टेशनच्या ५०० मीटरच्या टापूत, रस्त्याची रुंदी आणि प्लॉट बघून, ४ पर्यंत एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) मिळतो. का, तर म्हणे इथली माणसं चालत स्टेशनला जाणार. बिल्डरला मजले मिळतात. ज्याच्या चालण्याच्या नावावर ते मिळतात त्याला काय मिळतं? उंच टॉवरमधली हजारो माणसं त्याच फुटक्या पेव्हर ब्लॉकवर उतरणार आहेत.

आपल्या स्टेशनच्या जिन्याखाली जाऊन बघा. शेवटची पायरी थेट फूटपाथवर उतरते. उरलेल्या जागेत विजेच्या डीपीचा बॉक्स आहे, त्याला टेकून दोन स्कूटर. बाजूने एक माणूस जेमतेम आडवा होऊन जातो. हातात पिशवी असेल तर तोही रस्त्यावर, शेअर रिक्षांच्या पुढ्यात. इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक सांगतो की फूटपाथवर निव्वळ मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. हे मोजायला टेप लागतो आणि वाकावं लागतं. नकाशावर कंपास फिरवायला खुर्चीतून उठावंही लागत नाही, म्हणूनच तो इतका लाडका आहे.

वर आपल्यालाच ऐकवलं जातं: "लोकांनाच चालायला नको असतं, सगळ्यांना गाडी हवी." जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद केल्यावर संध्याकाळी तिथे चालणारी माणसं कुठून आली? दुसरं म्हणणं, "फूटपाथ केला की पथारीवाले बसतात." बसतात, हे खरं. पण त्यांच्यासाठी जागा ठरवून द्यायचा कायदा २०१४ पासून आहे. तो राबवायचा सोडून फूटपाथच करायचा नाही, हा कुठला न्याय? आणि डीपीचा बॉक्स काय पथारीवाल्याने आणून ठेवला?

२०२२ या एका वर्षात देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले, असं केंद्र सरकारच्याच अहवालात आहे. रोज जवळजवळ नव्वद. पुण्याने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सुरक्षित फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. इतकं सगळं असताना कंपास तसाच फिरतो आहे.

मागणी साधी आहे. स्टेशनभोवतीचं अंतर दारापासून फलाटापर्यंत, मिनिटांत मोजा. जुलैच्या पावसात, संध्याकाळी सातला, काठी टेकणाऱ्या माणसाच्या चालीने मोजा. रस्ता ओलांडायला सिग्नलवर किती थांबावं लागतं तेही त्यात धरा. ही मोजणी जाहीर होईपर्यंत त्या टापूत वाढीव एफएसआयची एकही फाईल पुढे जाता कामा नये.

अधिकारी मोजणार नसतील तर सुरुवात आपण करू. रविवारी सकाळी आठ वाजता स्टेशनच्या जिन्याखाली जमूया. येताना टेप, वही, पेन आणा. ज्यांच्या घरी व्हीलचेअर किंवा बाबागाडी आहे, त्यांनी ती जरूर आणावी.