डिकी, पाना आणि आपली पांढरपेशी लाज

गाडीची डिकी तिरकी बसायला लागली की ती सरळ करायची असते, बदलायची नसते. एवढी साधी गोष्ट सांगायला अख्खी पोस्ट लिहावी लागतेय, ह्याचंच मला आधी नवल वाटतं. पण गेल्या महिन्यात घरात, नातेवाइकांत, ऑफिसात जिथे जिथे हा विषय निघाला, तिथे एकानेही "नक्की काय झालंय ते बघितलंस का?" असं विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच. "क्लेम टाकलास का?"

तर मंडळी, ही पोस्ट त्या प्रश्नाच्या विरोधात आहे.

झालं होतं ते एवढंच. आमची हॅचबॅक नऊ वर्षांची. मागचं दार हळूहळू डावीकडे सरकल्यासारखं दिसायला लागलं. उजवीकडे करंगळी जाईल एवढी फट, डावीकडे पोस्टकार्ड जाईना. लावताना दोनदा आपटावं लागायचं आणि खड्ड्यातून गेलं की मागे कोणीतरी भांडी घासतंय असा आवाज. ठोकली कुठेच नव्हती. सर्व्हिस सेंटरमधल्या कडक इस्त्रीच्या मुलाने टॅबवर चार फोटो काढले आणि दार एकदाही न उघडता निकाल दिला. "सर, पॅनल आउट झालंय. पूर्ण टेलगेट रिप्लेस, प्लस पेंट. इन्शुरन्समध्ये बसवून देतो."

काय चपखल शब्द आहे बघा, बसवून देतो! दार बसवायचं नाही, खर्च बसवायचा. आणि पुढे पेन सरसावून, "अपघाताची तारीख काय टाकू?"

अपघात झालाच नव्हता हो. पण ह्या प्रश्नाने दचकलेला मी एकटाच होतो, हे नंतर लोकांशी बोलताना कळलं. "त्यात काय, सगळेच करतात." आमचे एक मेहुणे (ते हा ब्लॉग वाचतात, म्हणून नाव घेत नाही) तर म्हणाले की इतकी वर्षं प्रीमियम भरलास, तो वसूल कधी करणार? घडलेला नाही असा अपघात कागदावर घडवायचा, खाली सही ठोकायची, आणि हे करणारी माणसं कोण, तर रिक्षावाल्याचं मीटर फास्ट आहे म्हणून भर रस्त्यात भांडणारी!

बरं, नीतीचं राहू द्या बाजूला, हिशोबच करू. आपल्याकडे नो क्लेम बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांवर पोचतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो प्रीमियम असतो, त्यावर ही सूट. एक क्लेम टाकला की शिडीवरून थेट खाली, शून्यावर. शिवाय साधी पॉलिसी असेल तर पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्याच्या सुट्या भागावर ४० टक्के घसारा आपल्या खिशातून, रबर-प्लास्टिकवर ५० टक्के. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १००० रुपये कापले जातात ते वेगळेच. ह्याला लोक "फुकटात नवीन डिकी" म्हणतात.

आता ह्या दाराची रचना किती सोपी आहे ते सांगतो, कारण माझा सगळा राग त्या सोपेपणावर उभा आहे. दार वर छताला दोन बिजागऱ्यांवर टांगलेलं. दोन्ही बाजूंना ते उचलून धरणारे गॅसचे शॉक. खाली चौकटीवर एक लोखंडी कडी, इंग्रजी यू अक्षरासारखी, तिला स्ट्रायकर म्हणतात. दाराचं लॉक ह्या कडीला पकडतं. कडी दोन बोल्टवर बसवलेली असते आणि बोल्टची भोकं मुद्दाम ऐसपैस ठेवलेली असतात. कशासाठी? तर कडी इकडेतिकडे सरकवता यावी म्हणून! म्हणजे कारखान्यानेच गृहीत धरलंय की हे कधीतरी कोणीतरी सरकवणार. आणि चौथी गोष्ट म्हणजे दाराच्या खालच्या दोन कोपऱ्यांतले रबरी बफर. ते स्क्रूसारखे फिरवून आतबाहेर होतात. दार किती आत बसावं आणि बसल्यावर हलू नये, हे त्यांचं काम. झालं. संपली डिकी.

माझ्या गाडीत डावा बफर गायब होता आणि कडीचे बोल्ट सैल होऊन ती डावीकडे सरकली होती. हे कळायला दार उघडून खाली वाकण्यापलीकडे काहीही करावं लागलं नाही.

करताना एकच पथ्य पाळलं, आधी खूण. कडीभोवती चिकटपट्टी लावून तिची मूळ जागा आखून घेतली, म्हणजे फसलं तर होतं तिथे परत जाता येतं. मग बाराच्या पान्याने कडी पूर्ण काढली आणि दार हातानेच अलगद खाली टेकवलं. ही युक्ती फार नामी आहे. कडी नसली की दाराला ओढणारं कोणी नाही, ते फक्त बिजागऱ्यांच्या जिवावर बसतं. तसं ते बरोबर मधोमध बसलं. म्हणजे बिजागऱ्या निर्दोष, दार निर्दोष, "आउट झालेलं पॅनल" निर्दोष! दोषी ती बोटभर कडी.

कडी परत लावताना बोल्ट हाताने फिरतील इतपतच आवळले आणि दार सावकाश बंद केलं. लॉकनेच कडीला तिच्या जागी सरकवून घेतलं. मग जपून उघडून, तिला धक्का न लावता बोल्ट घट्ट केले. नवा बफर शंभर रुपयांच्या आत मिळाला. तो पाव-पाव आटा फिरवत दार बाजूच्या पत्र्याशी एका पातळीत आणलं. फार बाहेर काढला तर दार आपटावं लागतं, फार आत घेतला तर खडखडतं, त्यामुळे इथे घाई चालत नाही. शेवटी जुन्या पावत्यांच्या पट्ट्या रबर बीडिंगवर ठेवून, दार लावून, एकेक ओढून बघितली. सगळीकडे सारखी घट्ट लागली पाहिजे. जिथे सुळकन निघाली तिथून पावसाचं पाणी आत येणार. चिरंजीव टॉर्च घेऊन आत बसले आणि मी बाहेरून नळीने पाणी मारलं. त्यांचा आनंद तर विचारूच नका. शनिवारची सकाळ, दीड तास, त्यातही अर्धा वेळ चहाला.

"पण तुझ्या दीड तासाची किंमत किती?" हा आयटीतल्या मित्रांचा आवडता वार. सर्व्हिस सेंटरच्या सोफ्यावर मोबाइल बघत काढलेले तीन तास ह्यांच्या हिशोबात कधी येत नाहीत. आणि जो माणूस रविवारी चार तास क्रिकेट बघतो त्याने मला तासाचा दर सांगू नये.

दुसरा वार जास्त गंभीर आहे. "आपलं काम नाही ते." ह्या "आपलं"मध्ये काय काय दडलंय! लोहार, सुतार, चांभार, गवंडी, जो जो हाताने काम करतो त्याला आपल्या समाजाने शतकानुशतकं खालच्या पायरीवर बसवलं. आता तसं तोंडाने कोणी म्हणत नाही, म्हणून "एक्स्पर्टचं काम आहे" असं म्हणतात. खंडेनवमीला अवजारांना हळदकुंकू वाहायचं आणि उरलेलं वर्षभर त्यांना हात लागला तर साबणाने धुवायचा! तुमच्या गाडीच्या डिकीत गालिच्याखाली एक पान्याची पिशवी आहे. ती प्लास्टिकमधून बाहेर निघाली आहे का बघा जरा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढे लोखंडी नांगर केले. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. पण मुलगा सायकलचं दुकान काढतो म्हणाला तर घरात सुतक पडेल.

ह्याचा फायदा कोण घेतं? भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २५४४ कोटींच्या वर दंड ठोकला होता. आरोप असा की सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी लागणारी माहिती, उपकरणं त्या खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, म्हणजे गाडीवाल्याने अधिकृत दारातच यावं. पुढे अपिलं वगैरे झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही काढलं, त्यात वाहनंसुद्धा आहेत. छानच. पण दुरुस्तीचा हक्क मिळालेल्याने निदान डिकी उघडून वाकून बघायला नको? पान्याला कधी हात न लावलेल्या माणसाला "पॅनल आउट" हे शब्द मंत्रासारखे वाटतात. त्याला खोटं ओळखताच येत नाही. मला जे पैसे वाचल्याचं समाधान आहे ते थोडं, हे ओळखता आल्याचं जास्त.

मेकॅनिकच्या पोटावर पाय येतो, असंही आत्याने ऐकवलं. आत्या, उलट आहे ते. तो बफर मला आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या चाचांनी शोधून दिला आणि कडी काढून बघायची युक्तीही त्यांचीच. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताने जे कमावलं ते हे, काय सरकलंय आणि किती सरकवायचं. "पूर्ण बदला" म्हणायला चाळीस वर्षं लागत नाहीत, टॅब लागतो. त्यांच्याकडे आता जुन्याच गाड्या येतात, नव्या सगळ्या काचेच्या दुकानात जातात. पोटावर पाय कोणाचा आहे मग?

तिसरी जमात सगळ्यात धोकादायक. ही माणसं बदलतही नाहीत, बघतही नाहीत, रेडिओचा आवाज वाढवतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. हॅचबॅक पळताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धुराचं नळकांडं तिथेच असतं. मागचं दार नीट चिकटत नसेल तर तो धूर आत ओढला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. मागच्या सीटवर कोण बसतं, तर पोरं.

सगळंच घरी करा असं मी म्हणत नाहीये. गाडी मागून ठोकली असेल तर चौकटच वाकलेली असू शकते, तिथे कडी सरकवून काही होत नाही. बिजागरीचे बोल्ट एकट्याने सैल करू नका. शॉक दाराला ढकलत असतात, दार घसरलं तर काच जाईल. दुसरा माणूस दार धरायला हवाच. आणि शॉक मेला असेल तर नवा आणा, जुना उघडायच्या फंदात पडू नका, आत दाबाखाली गॅस असतो. बटणावर उघडणाऱ्या मोटारवाल्या डिक्यांबद्दल मी बोलतच नाहीये.

असो. मेहुण्यांची गाडी गेल्या दिवाळीपासून मागून खडखडतेय, हे मी मागच्या सीटवर बसून स्वतःच्या कानांनी ऐकलंय. रविवारी सकाळी मी मोकळा आहे. बारा नंबरचा पाना माझा, पोहे ताईचे.